देवापुढे राहिलेली फाइल

मी काय काम करते ते लोकांना सांगायला मला कधीच जमलं नाही. आदिलाबादजवळच्या आमच्या मावल्यात कुणी विचारलं तर मी "कंप्युटरचं काम" एवढंच सांगायचे. समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणायचा आणि लगेच माझ्या लग्नाचा विषय काढायचा. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, तरी काढायचाच.

काम तसं साधं होतं. परदेशातल्या एका मोठ्या किराणा दुकानाची वेबसाइट होती. तिच्यात रोज काही ना काही बदल व्हायचे, आणि त्या बदलांनी जुनं काही मोडलं तर नाही ना, हे बघणं आमच्याकडे होतं. हातानं किती वेळा बघणार? म्हणून आम्ही चाचण्या लिहून ठेवायचो. चाचणी सुरू केली की ब्राउझर आपोआप उघडायचा, एक खोटं गिऱ्हाईक आत शिरायचं, साखर-साबण टोपलीत टाकायचं, पैसे भरून निघून जायचं. सगळं नीट झालं तर हिरवी ओळ, नाही तर लाल. कंपनी हैदराबादची, छोटीशी. मी मावल्याच्या घरातून, मोबाईलच्या नेटवर काम करायचे. कंपनीनं मला अजून कायम केलं नव्हतं. दसरा झाला की करू, असं टीमच्या साहेबांनी सांगितलं होतं.

त्या वर्षी मला ते कायम होणं नुसतं माझ्यासाठी हवं होतं असं नाही. बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आदिलाबादच्या दवाखान्यात त्यांना डायलिसिसला न्यावं लागायचं, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. पोरगी आपल्या पायावर उभी राहिली, आता तिची काळजी नाही, हे त्यांनी डोळ्यांनी बघून जावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही मी तेव्हा देवाकडे मागितलं नाही.

बाबा भाजीवाले. घरामागच्या वावरात वांगी, मेथी, सांबार लावायचे. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तिला सांबारच म्हणतात. पहाटे तोडायची आणि बाजारात नेऊन बसायचं, असा त्यांचा जन्म गेला. माझं काम त्यांना कामच वाटायचं नाही. वाईट मनानं नव्हे. त्यांना दिवसाअखेरी काहीच दिसायचं नाही म्हणून. "सांजच्याला टोपल्यात काय आलं व?" असं ते मला विचारायचे आणि हसायचे. माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी फणकाऱ्यानं लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत जाऊन बसायचे.

आमच्या घरी खंडेनवमी मोठी. घरात ज्याचं जे हत्यार असेल ते त्या दिवशी घासूनपुसून देवापुढे मांडायचं. तराजू, खुरप्या, विळे, फवारणीचा पंप, मोटरीचा पाना. हळदीकुंकू लागलं की दसऱ्याला पुन्हा पूजा होऊन उचलेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी बाबा मेथीची एक काडीही खुडायचे नाहीत. मी नोकरीला लागले त्या वर्षी मी त्यांना सहज म्हणाले होते, "बाबा, माया लॅपटॉप नाई ठेवत?"

"ते तुया कंपनीचं हाय," ते म्हणाले. "परक्याचं हत्यार आपून काऊन पुजावं?"

मी हसून सोडून दिलं, पण मला ते लागलं. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मग आजार आला. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहावं लागायचं, तेव्हा मी मांडीवर लॅपटॉप घेऊन काम उरकायचे. एकदा मी चाचण्या चालू केल्या आणि हात काढून घेतले. स्क्रीनवर पानं उघडत होती, अक्षरं उमटत होती, बटणं दबत होती. बाबा शेजारून टक लावून बघत होते.

"कोन चालवून राह्यलं हे?"

"कोनीच नाई. मी लिहून ठेवलं, आता ते आपलंआपलं चालते."

"तू इथून उठून गेली तरी?"

"गेली तरी."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे पेरल्यासारखं झालं हे. आपून घरी झोपलो तरी वावरात ते उगवून राह्यते." मला वाटलं, इतकी वर्षं मी या माणसाला जे समजावू शकले नाही ते यांनी स्वतःच समजून घेतलं. आत त्यांचं नाव पुकारलं गेलं म्हणून बरं झालं, नाहीतर मी तिथं बाकावरच रडले असते.

त्याच वर्षीच्या नवमीची ही गोष्ट आहे.

त्या आठवड्यात वेबसाइटचं लॉगिनचं पान बदललं होतं. आधी नाव आणि पासवर्ड टाकला की गिऱ्हाईक आत जायचं. आता मध्ये मोबाईलवर येणारा आकडा टाकायची पायरी आली. लॉगिन कसं करायचं हे आम्ही प्रत्येक चाचणीत वेगळं लिहीत नाही. एकदाच एका फाइलीत लिहून ठेवतो, आणि सगळ्या चाचण्या तिच्याकडून ते करून घेतात. अशा फाइलीतल्या कामाला हेल्पर म्हणतात. जुना हेल्पर नव्या पानावर चालेना, म्हणून मी नवी फाइल केली, त्यात नवा हेल्पर लिहिला आणि सगळ्या चाचण्या त्याच्याकडे वळवल्या. आकड्याची चौकट पानावर उशिरा यायची, तेवढं थांबायचं कसं, हे जमवायला मला फार वेळ लागला. नवमीच्या सकाळी, आंघोळीआधी, माझ्या लॅपटॉपवर सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. नवी आवृत्ती त्याच दिवशी संध्याकाळी लोकांपुढे जायची होती. मी साहेबांना कळवलं की काम झालं, आणि अर्धा दिवस सुटी घेतली.

एवढ्यात दारात बाबा. आजारानं काडीसारखे झालेले, हातात ओलं फडकं.

"झालं का व बाई? देव खोळंबले."

ते मला बाईच म्हणायचे. मला आधी कळेना. मग त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. "हे दे. यंदा हेबी ठेवतो."

मी केलेले बदल घाईघाईनं कंपनीच्या सामाईक साठ्यात पाठवले, नेट रेंगाळत होतं ते पूर्ण होईपर्यंत पाय आपटत थांबले, आणि झाकण मिटून लॅपटॉप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांत घेतला. ओल्या फडक्यानं पुसायला लागले तेव्हा मी ओरडले, "बाबा, कोरडं घ्या, कोरडं!" त्यांनी आज्ञाधारकपणे धोतराचा सोगा घेतला. तराजू आणि खुरप्या जरा सरकवून मधोमध जागा केली. झाकणाला हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल. चार्जरलाही कुंकू लावलं, आणि माउसलाही. मायनं विचारलं, "त्या वायरीले कायले?" तर म्हणाले, "त्याबिगर ते चालत नाई."

नंतर बाबा खाटेवर बसून राहिले आणि जो येईल त्याला तेच दाखवत होते. शेजारचे तेलुगू काका पिशवी घेऊन आले, त्यांना, दूधवाल्याला, गल्लीतून दसऱ्यासाठी झेंडूची फुलं मागायला आलेल्या बायांना. "आमच्या बाईचं हत्यार हाय थे. यंदा पयल्यांदा ठेवलं." त्यांचा सुजलेला चेहरा इतका उजळला होता की मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दुपारी जेवण होतंय तोवर फोन आला. माझ्याबरोबर काम करणारी हैदराबादची मुलगी होती. कंपनीच्या सर्व्हरवर चाचण्या लावल्या, तर एकही चालत नाही, म्हणाली. लाल सोडा, सुरूच होत नाहीत. तिनं मला संदेश वाचून दाखवला: अमुक फाइल लोड करता येत नाही, अशी फाइलच नाही.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. जुन्या फाइलींत केलेले बदल पाठवायच्या गठ्ठ्यात आपोआप जातात. पण नवी फाइल असेल तर तिला वेगळं सांगावं लागतं की तूही चल. ते मी सांगितलंच नव्हतं. बाबा फडकं घेऊन उभे होते आणि माझं सगळं लक्ष त्या फडक्याकडे होतं. सगळ्या चाचण्या नव्या फाइलीवर विसंबलेल्या, आणि ती फाइल जगात एकाच ठिकाणी होती: झेंडूच्या फुलाखाली. माझ्या मशीनवर ती होती म्हणून तर सगळं हिरवं दिसलं होतं.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा भिंतीपलीकडे देवापुढे होता, आणि वळसा हैदराबादपर्यंतचा.

मी उठून देवघराच्या दाराशी गेले. खाटेवरून बाबांनी मान वळवली आणि हसले. त्यांना वाटलं मी दर्शनाला आले. मी हात जोडले आणि मागच्या दारानं वावरात गेले.

तिथं वांग्यांच्या ओळींत उभी राहून मी त्या मुलीला फोनवर फाइल सांगायला लागले. दुसऱ्या कुणाच्या कंप्युटरवरून काही करायची सोय नव्हती. कंपनीची कुलपं फक्त माझ्याच मशीनला उघडायची. जुनं सगळं परत आणावं तर जुन्या हेल्परला नवं पान कळत नव्हतं. तेव्हा तोंडानं सांगायचं, तिनं तिकडे लिहायचं. ही ओळ, मग ती ओळ, इथे कंस, इथे संपलं. आमचं बोलणं हिंदीत, मध्येच ती तेलुगूत पुटपुटायची. फाइल तयार झाली. तिनं चाचण्या लावल्या. आता फाइल सापडली, पण प्रत्येक चाचणी म्हणायला लागली की असा हेल्पर मला माहीत नाही. पाहुणा घरात आला, पण स्वयंपाकघरात कुणी सांगितलंच नाही, तशातली गत. हा हेल्पर कोणत्या चाचण्यांनी वापरायचा हे जिथं लिहितात ती ओळ तिनं चुकीच्या जागी टाकली होती. तेही शोधलं, सुधारलं. पहिल्या काही ओळी हिरव्या झाल्या आणि आम्ही दोघी फोनवर ओरडलो.

पण बाकीच्या लालच. ती आकड्याची चौकट. ती यायच्या आतच आमचं गिऱ्हाईक पुढे पळायचं आणि आपटायचं. थांबायचं कसं, ते मी सकाळीच जमवलं होतं. आणि मला ते आठवेना. मी असं सांगून पाहिलं, तसं सांगून पाहिलं. स्वतःच्या हातानं लिहिलेलं, सकाळी डोळ्यांपुढे चाललेलं, आणि मला आठवेना. मी त्या वांग्यांच्या झाडांना लाथा घातल्या. मग रडायला लागले.

साहेबांचा फोन आला. लॅपटॉप कुठे आहे, विचारलं. मी सांगितलं.

"पूजा में है? तो निकालो ना," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनीही सकाळी गाडीची पूजा केली होती, चाकाखाली लिंबू ठेवलं होतं, आणि त्याच गाडीतून ते ऑफिसात आले होते. देव समजून घेतो, म्हणाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं, आणि म्हणूनच माझ्या नाकाला जास्त मिरच्या झोंबल्या. देवाचं मला काहीच वाटत नव्हतं हो. देव गेला खड्ड्यात. खाटेवर बसलेल्या त्या माणसापुढून मी ते फूल कसं बाजूला करणार होते? त्यांच्या आयुष्यात ते पुन्हा मांडायचा दिवस येणार नाही, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

मी म्हणाले, "सर, नहीं होगा."

"ठीक है," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्या संध्याकाळी नवी आवृत्ती गेली नाही. सणासुदीची विक्री म्हणून ते परदेशी दुकानवाले ताटकळत होते, आणि आमच्यामुळे सगळं अडलं.

दुसऱ्या दिवशी सोनं लुटून आल्यावर बाबांनी स्वतः लॅपटॉप उचलून माझ्या हाती दिला. मी फाइल पाठवली. सगळ्या चाचण्या पहिल्याच झटक्यात हिरव्या झाल्या. थांबायचं ते दोनच ओळींचं होतं. मी त्या ओळींकडे बघत बसले.

महिना संपता संपता साहेबांनी फोन केला. कायम करता येणार नाही, म्हणाले. काम चांगलं आहे, पण ऐन वेळी माणूस हाताशी असायला हवं. त्यांनी हे शक्य तितकं मऊपणानं सांगितलं. आदिलाबादला जाऊन मी लॅपटॉप कुरिअरनं परत पाठवला. बाबांना सांगितलं की कंपनी नवा देणार आहे, तोवर जुन्यावर काम करायचं आहे. माझा कॉलेजच्या वेळचा लॅपटॉप होता, तो मांडीवर घेऊन मी दवाखान्याच्या त्याच बाकावर बसायचे. बसून कुठं जागा निघाली का ते शोधायचे. आत नर्सबाईंना बाबांनी सांगितलं होतं, "माई बाई पर्मनंट झाली." मी तसं कधी म्हणाले नव्हते. त्यांनी विचारलंही नव्हतं. दसरा झाला म्हणजे झालीच असणार, असं ते धरून चालले होते. मी ते खोडून काढलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

थंडीत बाबा गेले. दवाखान्यात नाही, घरी, त्याच खाटेवर.

नंतर मायला मी एवढंच सांगितलं की कंपनीनं माणसं कमी केली. आता मी जवळच्या इचोड्याला एका खत-बियाण्यांच्या दुकानात कंप्युटरवर बसते. सकाळच्या बसनं जाते, संध्याकाळी येते. चाचण्यांच्या कामासाठी दोन-तीन ठिकाणी अर्ज केले, पण आधीची नोकरी का सुटली असं विचारतात, आणि मी खरं सांगितलं की पलीकडचा माणूस "कळवतो" म्हणून फोन ठेवतो.

परवा सुटीच्या दिवशी आम्ही दोघी ओट्यावर सांबाराच्या जुड्या बांधत होतो. मायनं वावर सोडलेलं नाही. थोडंथोडं लावते, शेजारचे काका बाजारात नेतात. ती बाबांचं काहीबाही आठवत होती. त्यांना मुळ्याची भाजी किती आवडायची, ते किती हट्टी होते. बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली,

"तुले एक सांगायचं राह्यलं. त्या नवमीले तू तिकडं वांग्यात उभी राहून रडत होती नं फोनवर?"

"तुले दिसलं होतं?"

"मले नाई. त्यायले दिसलं, खिडकीतून. मले म्हनले, पोरीचं काम अडलं वाटते. तिले म्हना ते मशीन काढून घे, काम कर, मंग पुन्हा ठेवू. देव काय दिवसभर पाहत बसते का, म्हनले. मले दोनदा सांगतलं. सकाळच्या धावपळीनं त्यायच्यानं उठनं होत नव्हतं."

माझे हात थांबले. मी विचारलं, "मंग?"

"मीच नाई सांगतलं तुले. एवढ्या हौसेनं त्यायनं पयल्यांदा ठेवलं होतं. म्हटलं, बोलून जाते मानूस, पन मांडलेलं हाललं असतं तर मनातून खचले असते. त्यायले म्हटलं, सांगतलं, पोरगी नाई म्हनते, तिचं काम झालं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "बरं केलं नं व मी?"

मला तिचा राग आला. असा राग मला जन्मात कुणाचा आला नव्हता. ओट्यावरचं सगळं सांबार उधळून द्यावं, आणि ओरडून सांगावं की तुझ्या त्या एका शब्दापायी माझं काय गेलं, असं मनात आलं. दोन ओळी होत्या माय, मी झाकण उघडलं असतं आणि झालं असतं. बाबांनी स्वतः काढून दिला असता. ते खिडकीतून मला बघत राहिले असतील, आणि मी त्यांच्यासाठी वांग्यात उभी.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचं कुंकू पुसलेलं कपाळ मला अजून ओळखीचं झालेलं नाही.

"बरं केलं, माय," मी म्हणाले.

"मलेबी तसंच वाटलं," ती म्हणाली, आणि तिनं पुढची जुडी ओढून घेतली.